थंडीची चिंता सोडा, उन्हाळ्याचा आणि वैरणीचा हिशेब करा

पत्राचा सारांश: डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आमची बारा एकर जमीन आहे. त्यातील आठ एकर कुरण आहे आणि चार एकर उतारावरची झाडी. सध्या आम्ही बारा मेंढ्या पाळतो आणि वर्षाकाठी सहा टन वाळलेले गवत साठवतो. हिवाळ्यात पारा उणे १५ अंशांपर्यंत उतरतो. उन्हाळ्यात दुपारी तो २६ अंशांपर्यंत चढतो आणि रात्री १२ पर्यंत खाली येतो. दूध, चीज आणि लोकर यांसाठी दोन-तीन याक पाळावेत असा आमचा विचार आहे. याक बर्फ खरडून पोट भरतो, त्याच्यासाठी काही करावे लागत नाही, असे सगळे सांगतात. एका पशुपालकाने महिन्याभराचा नर गोऱ्हा अगदी कमी मोबदल्यात देऊ केला असून त्याला बाटलीने दूध पाजून वाढवावे लागेल. त्याच्यापासून सुरुवात करावी का? त्याला मेंढ्यांच्याच गोठ्यात ठेवता येईल का? आणि मेंढ्या राखणारा आमचा कुत्रा याकही राखील का?

उत्तर:

आपल्या प्रश्नांचा क्रम मोडून गोऱ्ह्याबद्दल प्रथम लिहितो, कारण तो देऊ करणारा पशुपालक आपल्या निर्णयासाठी फार काळ थांबणार नाही. तो गोऱ्हा कृपया घेऊ नका. कोणी तो फुकट दिला, तरी माझे उत्तर हेच राहील. कळपापासून तोडलेल्या आणि माणसाच्या हातून दूध पिऊन वाढलेल्या नराला वागण्याची रीत शिकवायला आई नसते आणि बरोबरीची वासरेही नसतात, त्यामुळे तो माणसालाच आपल्या कळपातला समजू लागतो. वर्षभराचा असताना त्याने मागून येऊन डोक्याने ढुशी दिली की घरातल्या सर्वांना गंमत वाटते. हाच नर तीन-चार वर्षांचा होऊन मस्तीत येतो, तेव्हा त्याचे वजन तीनशे किलोच्या आसपास किंवा पुढे गेलेले असते, शिंगे बाहेर वळून टोकदार झालेली असतात, आणि कळपातील दुसऱ्या नराला द्यावे तसे आव्हान तो आपल्या मालकाला देऊ लागतो. आईच्या अंगावर वाढलेला नर माणसापासून जे अंतर राखतो, ते दोघांच्याही हिताचे असते. बाटलीवर वाढलेल्या नराला ते अंतर ठाऊकच नसते. त्याची माया जितकी अधिक, तितका तो धोकादायक, हे पटायला कठीण असले तरी खरे आहे. आईविना राहिलेले मादी वासरू असते तर मी इतके ताठर उत्तर दिले नसते. नराचे लवकर खच्चीकरण केल्यास आणि त्याला इतर याकांमध्ये सोडल्यास धोका बराच कमी होतो, परंतु आपल्याकडे आज दुसरा एकही याक नाही.

याक एकट्याने राहू शकत नाही, ही अडचण उरतेच. एकटा ठेवलेला याक चरणे सोडून कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालतो आणि एक दिवस कुंपण मोडून निघून जातो. मेंढ्यांची सोबत त्याला पुरत नाही. किमान तीन जनावरे असावीत, आणि ती शक्यतो एकाच कळपातली, एकमेकांना ओळखणारी असावीत, म्हणजे नव्या जागी आल्यावर वरचढपणाच्या झुंजी होत नाहीत.

आपल्या मूळ पत्रात थंडीबद्दल एक पूर्ण परिच्छेद आहे आणि उन्हाळ्याबद्दल अर्धे वाक्य. याकच्या बाबतीत हे प्रमाण उलटे असायला हवे होते. उणे १५ अंश ही त्याच्यासाठी थंडी म्हणण्यासारखी गोष्टच नाही. वाऱ्यापासून आडोसा आणि पोटात चारा असेल, तर तो उणे ३० ते ४० अंशांतही उघड्यावर राहतो. लांब राठ केसांखाली दाट मऊ लव, जाड कातडी, अंगाच्या मानाने आखूड पाय आणि लहान कान अशी त्याची सारी घडण ऊब राखण्यासाठी झालेली आहे, आणि त्याच्या कातडीतून घाम फारसा येत नाही. जी घडण हिवाळ्यात त्याला तारते, तीच उन्हाळ्यात त्याची कोंडी करते. तिबेटच्या पठारावरील याकांमध्ये असे आढळले आहे, की हवेचे तापमान १३ अंशांच्या वर गेले की श्वासाची गती वाढू लागते आणि २० अंशांच्या सुमारास जनावर चरणे व रवंथ करणे थांबवून सावलीत किंवा पाण्याजवळ निश्चल उभे राहते. कमी उंचीवर जन्मलेली जनावरे याहून थोडी अधिक उष्णता सोसतात. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आणि आल्प्समध्ये याक पाळले जातात, आणि तेथील उन्हाळा तिबेटसारखा नसतो. उंची ही मुळात अट नाही. कोरडी हवा, थंड रात्री आणि दुपारची सावली या खऱ्या अटी आहेत.

त्या दृष्टीने आपली जमीन काठावर उत्तीर्ण होते, आणि ती केवळ आपल्या रात्रींमुळे. दिवसभर साठलेली उष्णता १२ अंशांच्या रात्री अंगाबाहेर टाकता आली, तर २६ अंशांची दुपार निभावून जाते. मात्र पावसाळी, दमट दिवस सलग आले आणि रात्रीही उबदार राहिल्या, तर तापमापकावरील आकडा तोच असूनही जनावराची अवस्था बिघडते. म्हणून पुढील उन्हाळ्यात कुरणावर, सावलीत, एक तापमापक टांगून दुपारचे आणि पहाटेचे तापमान लिहून ठेवा. घराच्या भिंतीवरील आकड्यावर विसंबू नका. उतारावरची चार एकर झाडी हा आपल्या जमिनीचा सर्वांत मोलाचा भाग ठरेल, विशेषतः ती उत्तरेकडील उतारावर असेल तर. उन्हाळ्याच्या दुपारी याकांना तेथे जाण्याची वाट मोकळी ठेवा, आणि हाताळणी, लसीकरण, वाहतूक ही कामे पहाटेच उरका. जनावर तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकताना दिसले, तर आधी पाय आणि पोटाखालचा भाग पाण्याने भिजवा आणि मग पशुवैद्यकाला बोलवा.

झाडीत शिरण्यापूर्वी तेथे काय उगवते ते मात्र पाहून घ्या. ऱ्होडोडेंड्रॉन (बुरांश) आणि यू नावाचे सूचिपर्णी झाड यांची पाने विषारी असतात. पोटभर चारा असताना जनावरे सहसा त्यांना तोंड लावत नाहीत, परंतु बर्फाने गवत झाकले गेले आणि हिरवे एवढेच उरले, की भुकेले जनावर तीच पाने खाते. अशी झुडपे असतील तर तेवढा भाग कुंपणाने तोडावा.

आता “बर्फ खरडून पोट भरतो” या समजुतीकडे वळतो, कारण याक पाळणाऱ्या नवख्या लोकांचे सर्वांत मोठे नुकसान या एका वाक्याने केले आहे. याक थोडे बर्फ बाजूला सारून खालचे गवत खातो, हे खरे आहे. त्याची जीभ आणि ओठ अशा बेताचे असतात, की तो गाईप्रमाणे जिभेने उंच गवतही ओढतो आणि मेंढीप्रमाणे आखूड गवतही कुरतडतो. परंतु पठारावरचे याक असा हिवाळा काढतात तेव्हा वसंतापर्यंत त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटते, आणि मोकळी फिरण्यासाठी त्यांना मैलोन्‌मैल जमीन असते. तेवढी जमीन असूनही वाईट वर्षी ती पुरत नाही. २०१८ च्या डिसेंबरपासून उत्तर सिक्कीममध्ये झालेल्या प्रचंड हिमवर्षावात कुरणे बर्फाखाली गेली आणि मुगुथांग व युमथांग या भागांत सुमारे ३०० याक उपासमारीने मेले. ही गोष्ट २०१९ च्या मे महिन्यात उजेडात आली. ते याक थंडीने मेले नाहीत, चाऱ्यावाचून मेले.

म्हणून वैरणीचा हिशेब कागदावर मांडू. प्रौढ मादीचे वजन साधारण २५० किलो धरले आणि वजनाच्या सव्वादोन ते अडीच टक्के कोरडा चारा धरला, तर तिला दिवसाला सुमारे सहा किलो कोरडा चारा लागेल. आपल्याकडे गोठ्यात वैरण घालण्याचा काळ सहा महिन्यांचा असावा असे तापमानावरून दिसते. १८० दिवसांचे १,०८० किलो होतात; वाळलेल्या गवतातही थोडा ओलावा असतोच, तो धरून साडेबाराशे किलो. पायदळी जाणारे, भिजणारे, बुरशी धरणारे आणि वसंत लांबल्यास लागणारे गवत मिळून आणखी एकचतुर्थांश राखीव ठेवला, तर एका जनावरामागे दीड टन आणि तीन जनावरांमागे साडेचार टन वैरण हवी. आपण सहा टन साठवता. परंतु बारा मेंढ्या दररोज प्रत्येकी पावणेदोन किलोच्या हिशेबाने त्याच सहा महिन्यांत पावणेचार टन खातात. याकांसाठी सव्वादोन टन उरतात, म्हणजे गरजेच्या नेमके निम्मे. आपल्या संपूर्ण बेतात मला दिसणारी खरी अडचण ही आहे. तिच्यावर दोनच उपाय आहेत: मेंढ्या बारावरून पाचवर आणाव्यात, किंवा दरवर्षी दोन-सव्वादोन टन गवत बाहेरून आणण्याची सोय, जनावरे दारात येण्यापूर्वी, पक्की करून ठेवावी. उन्हाळ्यात कुरण किती हिरवे दिसते यावरून जनावरांची संख्या ठरवू नये. ती गंजीच्या आकारावरून ठरवावी.

“याक गाईच्या एकतृतीयांश खातो” असेही आपल्याला कोणी सांगेल. त्याचे अंग मोठ्या गाईच्या मानाने लहान असते म्हणून तो कमी खातो, एवढेच त्यात तथ्य आहे. किलोमागे त्याची भूक इतर गुरांपेक्षा फारशी वेगळी नसते.

मेंढ्यांच्या गोठ्यात याक ठेवता येणार नाहीत. पठारावर दोन्ही जनावरे शतकानुशतके शेजारी चरत आली आहेत हे मान्य, परंतु तेथे ती मोकळ्या रानात विखुरलेली असतात; एका छपराखाली, एका गव्हाणीवर त्यांना कोंडणे वेगळे. मेंढ्यांच्या अंगात एक विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. तो गोवंशातील जनावरांत गेल्यास मॅलिग्नंट कॅटऱ्हल फीवर नावाचा ताप येतो. त्यात डोळे पांढुरके होतात, नाकातोंडातून घट्ट स्राव वाहतो, आणि लक्षणे दिसू लागलेले जनावर बहुधा वाचत नाही. याकांनाही हा रोग होतो. मेंढीच्या नाकातील स्रावातून तो पसरतो आणि काही महिन्यांची कोकरे तो अधिक पसरवतात, म्हणून वेगळा गोठा, वेगळी गव्हाण, वेगळे पाणी आणि दोन्ही आवारांत शक्य तितके अंतर ठेवावे. दुसरे कारण साधे, पण नेहमी विसरले जाणारे आहे, आणि ते तांब्याचे. मेंढीला जास्त तांबे बाधते, म्हणून मेंढ्यांच्या चाटणविटांत, म्हणजे चाटण्यासाठी टांगलेल्या खनिज-मिठाच्या विटांत, तांबे घातलेले नसते. याकला तांबे कमी पडले तर केसांचा रंग विटतो, वासरे खुरटतात आणि माद्या माजावर येत नाहीत. दोघांना एकच वीट टांगली, तर एकाला ती कमी पडते किंवा दुसऱ्याला विष होते. आपल्या मातीत आणि गवतात तांबे व सेलेनियम किती आहे याची तपासणी करून घेऊन मगच विटांची निवड करा.

गोठ्याबद्दल थोडक्यात: बंद, उबदार गोठा नकोच. त्यात दमटपणा साठतो आणि फुप्फुसांचे आजार होतात. तीन बाजूंनी भिंत, वर छप्पर, चौथी बाजू वाऱ्याच्या उलट दिशेला उघडी, आणि खाली कोरडी जमीन एवढे पुरे. पुष्कळदा याक तेही सोडून बाहेर बर्फातच बसतील. कुंपण मात्र पाच फूट उंच, विणलेल्या तारेचे आणि भक्कम खांबांचे असावे. काटेरी तार टाळा, त्यांचे लांब केस तिच्यात अडकतात. कुंपणाइतकाच महत्त्वाचा आहे तो खोडा, म्हणजे उपचारासाठी जनावर अडकवून धरण्याची चौकट, आणि त्याच्याकडे नेणारी, फळ्यांनी बंद केलेली अरुंद वाट. याक गाईसारखा दाव्याला मुकाट उभा राहत नाही, कोपऱ्यात अडकल्यासारखे वाटले की तो उसळतो, आणि खोड्यावाचून पशुवैद्यकाला त्याला सुईसुद्धा टोचता येत नाही. गाईंसाठी केलेला खोडा शिंगांच्या रुंदीमुळे पुष्कळदा उपयोगी पडत नाही. तो बनवून घेण्यापूर्वी एखाद्या प्रौढ जनावराची शिंगे टोकापासून टोकापर्यंत मोजून घ्या. हा खर्च पुढे ढकलू नका.

दुधाविषयीच्या आपल्या अपेक्षा मला आवराव्या लागतील. याकची मादी सहसा चौथ्या वर्षाच्या सुमारास प्रथम विते. चारा बेताचा असेल तर ती वर्षाआड विते, चांगला असेल तर तीन वर्षांत दोनदा. दूध दिवसाला एक ते दोन लिटर निघते, त्यातही वासराचा वाटा आधी, आणि वासरू जवळ नसेल तर पुष्कळ माद्या पान्हाच सोडत नाहीत. दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, त्यामुळे लोणी व चीज उत्तम होते, परंतु दोन माद्यांवर ते घरापुरते होईल, विकण्यापुरते नाही. कच्चे दूध मात्र वापरू नका. सांसर्गिक गर्भपाताचा रोग म्हणजे ब्रुसेलोसिस दुधातून माणसाला होतो, आणि तो बरा होता होता माणूस जेरीस येतो. लोकरीचे गणित थोडे बरे आहे. वसंताच्या अखेरीस, लव आपोआप सुटू लागते त्या वेळी, ती कंगव्याने विंचरून काढावी. प्रौढ जनावराकडून अर्धा किलोच्या आसपास मिळते. राठ केस वेगळे काढल्यावर उरते ती अतिशय मऊ असते. विंचरण्याचा दुसरा फायदा असा, की उन्हाळा सुरू होण्यापूर्वी जनावराच्या अंगावरचे ओझे उतरते. उशीर केला तर तीच लव कुंपणावर आणि झुडपांवर गोळा करत फिरावे लागते.

इतके वाचूनही आपला विचार कायम असेल, तर मी पुढील मांडणी सुचवीन: दोन प्रौढ माद्या आणि खच्ची केलेला एक नर. वळू नको. एक वळू पंधरा-वीस माद्यांना पुरतो. दोन माद्यांसाठी वर्षभर त्याचा चारा आणि त्याची मस्ती सांभाळणे व्यवहाराला धरून नाही, आणि काही वर्षांनी तो आपल्याच मुलींना फळवू लागतो. वळूंची देवाणघेवाण थांबली की काय होते, याचा अनुभव हिमालयातील पशुपालकांना आहे: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिबेटशी असलेली सीमा बंद झाली, तिकडून येणारे वळू येईनासे झाले, आणि दक्षिणेकडील लहान कळपांत जवळच्या रक्तात पैदास होत राहिली. आपण त्याऐवजी शरद ऋतूत गाभण माद्या घ्याव्यात. याकची पैदास उन्हाळ्याच्या उत्तरार्धात होते आणि गर्भकाळ सुमारे साडेआठ महिन्यांचा असतो, म्हणजे वासरे वसंतात, नव्या गवताबरोबर येतील. शरदात वाहतूकही सुखाची होते. पुढील पैदाशीसाठी दुसऱ्या कळपाकडून हंगामापुरता वळू मागून आणण्याचे किंवा माद्या तिकडे पाठवण्याचे आताच बोलून ठेवा. खच्ची केलेल्या नराचा उपयोग आपल्याला आज दिसत नसेल, परंतु तो स्वभावाने शांत असतो, कळपाला स्थिर ठेवतो, आणि शिकवला तर ६० किलोपर्यंत ओझे चढणीवर सहज नेतो.

विकत घेताना दोन गोष्टी विचारा. जनावरात गाईचे रक्त आहे का, ही पहिली. याक आणि गाय यांच्या संकरातून होणारी मादी प्रजननक्षम असते, नर मात्र वांझ असतो. संकरित मादी दूधही अधिक देते आणि उष्णताही अधिक सोसते, त्यामुळे आपल्यासारख्या काठावरच्या हवामानात ती घेण्यात काही वाईट नाही, फक्त ती काय आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. दुसरी गोष्ट तपासण्यांची: ब्रुसेलोसिस, क्षय आणि जोन्स रोग (आतड्यांचा जुनाट संसर्ग) यांच्या तपासण्या विकणाऱ्याच्या दारातच करून घ्याव्यात, आणि आणल्यावर महिनाभर जनावरे वेगळ्या आवारात ठेवून शेणातील जंतांची तपासणी करावी. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांपैकी ज्या लसी आपल्या भागात गुरांना दिल्या जातात, त्या याकांनाही लागतात. काटकपणामुळे त्यांना या रोगांतून सूट मिळत नाही. याक आजार शेवटपर्यंत लपवतो, म्हणून कळपापासून वेगळे उभे राहणारे जनावर दिसले की वाट पाहू नये.

राहिला आपला कुत्रा. मेंढ्या ज्याला पाहून एकत्र होऊन पळतात, त्याला पाहून याक वळून उभे राहतात आणि शिंगे खाली करतात. कुत्रा त्यांच्या लेखी लांडगाच असतो, आणि नुकतीच व्यायलेली मादी त्याच्यावर धावून जाते. अशा मादीच्या आणि वासराच्या मध्ये पहिले काही दिवस आपणही येऊ नका. टाचेला तोंड लावून हाकणारा कुत्रा याकांच्या आवारात जिवानिशी जाईल. त्याला पहिले वर्षभर कुंपणाबाहेरच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांची सवय होईल. याकांना हाकण्याची गरजही सहसा पडत नाही. बादलीत मूठभर धान्य घेऊन, रोज ठरलेल्या वेळी, तीच हाक देऊन त्यांना खोड्याच्या वाटेपर्यंत बोलवावे. जनावरे आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून ही सवय लावावी, आणि पहिले काही महिने वाटेचे फाटक बंद न करता त्यांना नुसते आत येऊन खाऊन परत जाऊ द्यावे.